रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग

नवी मुंबईलगतच्या ठाणें खाडींत हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. त्यांच्या छायाचित्रांत गुलाबी रंग तेवढा राखून बाकीचें सारें कृष्णधवल करण्याची हौस पुष्कळ नवशिक्यांना असते. रीत सोपी आहे. संगणकावर त्याच चित्राचे दोन थर एकावर एक ठेवावेत. वरचा कृष्णधवल करावा व पक्ष्यांपुरता तो मास्कनें झाकावा. म्हणजे खालचा रंग दिसूं लागतो. केवळ रंगावरून निवड केल्यास चिखलावरील सायंकाळची तांबूस छटाहि मागें राहते. म्हणून पक्ष्याची कड मऊ कुंचल्यानें हातानेंच आखणें बरें.

मात्र या रीतीनें पक्षी उठून दिसतो आणि खाडी विसरली जाते. रोहित पक्षी जन्मतः गुलाबी नसतो. त्याचीं पिल्लें करडीं असतात. पाणथळींतील शेवाळ व सूक्ष्म जीव खाऊन त्यांतील कॅरोटिनॉइड द्रव्यें त्याच्या पिसांत उतरतात. २०१५ सालीं या खाडींत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालें, व २०२२ सालीं तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. ज्या चिखलाला चित्रांत बेरंग करावयाचें, तसल्या चिखलावरच तो गुलाबी रंग पोसला जातो. म्हणून कृष्णधवल प्रतीशेजारीं मूळची रंगीत प्रतहि जपून ठेवावी. पक्ष्याची खरी हकीकत तीच सांगते.