काशीतल्या चौसष्ट चकत्या

काशीत आलेले मराठी पाहुणे मला हमखास विचारतात, "ते सोन्याच्या ६४ चकत्यांचं मंदिर कुठे आहे हो?" गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. हिऱ्याच्या तीन सुया, एका सुईवर ६४ चकत्या, तळाशी सर्वांत मोठी. पुजारी एका वेळी एकच चकती हलवतो, लहानीवर मोठी ठेवत नाही. सगळ्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जग संपतं.

असं मंदिर इथे नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये हे कोडं खेळणं म्हणून बाजारात आणलं, तेही टोपणनावानं. १८७०च्या युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता, त्यामुळे मला जरा जवळचा. पुढच्याच वर्षी आंरी द पार्व्हिल यांनी काशीच्या मंदिराची कथा रंगवून सांगितली.

त्याच काळात काशीच्या संस्कृत महाविद्यालयात आपले बापूदेव शास्त्री गणित शिकवत होते. 'सूर्यसिद्धान्ता'चं त्यांचं इंग्रजी भाषांतर १८६१ मध्येच छापून झालं होतं. खोटं मंदिर सर्वांना ठाऊक आणि खरा गणिती कुणालाच नाही, हे मला खटकतं.

पण गोष्टीतली संख्या मात्र अस्सल आहे. तळाची चकती हलवायची तर वरच्या सगळ्या आधी बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर परत तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक वाढीव चकतीला आधीच्या चालींची दुप्पट अधिक एक. १, ३, ७, १५, ३१... ६४ चकत्यांना १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली. 'लीलावती'तली स्थानांची नावं परार्धापाशी संपतात. हे १८४ परार्धांहून जास्त!

सेकंदाला एक चाल धरली, तर ३२ चकत्यांना सुमारे १३६ वर्षं लागतात. पाच पिढ्यांचं काम, पण होण्यासारखं. ६४ला मात्र साधारण ५८,४५४ कोटी वर्षं. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. म्हणजे असे १३५ दिवस.

आता ही संख्या फोडून बघा. ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा हा गुणाकार, प्रत्येक एकदाच. यातल्या ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९७. ही मूळ संख्याच असणार असं फर्मा मानत होता. १७३२ मध्ये ऑयलरनं ६४१नं भाग जातो हे दाखवलं. हवं तर कागदावर भागून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

घरी नातवंडं असतील तर पुठ्ठ्याच्या आठ चकत्या कापा. सर्वांत लहान चकती एकाआड एक चालीला हलते, एवढं सांगा आणि बाजूला बसा. २५५ चाली, सेकंदाला एक, तर सव्वाचार मिनिटं.