दुरुस्ती, देखभाल आणि दप्तर



संगणक-सेवेचा धंदा आणि त्यासाठी जगाने ठरविलेली प्रमाणे, असा विषय व्यवस्थापकांनी आम्हांला दिला आहे. पत्रिका वाचून एका स्नेह्याने वाटेतच विचारले की, बिडी कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी या भानगडीत का पडावे? प्रश्न रास्त आहे. आमची शाळा सातवीपाशी थांबली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळत आणि शब्दकोश मांडीवर घेऊन. या विषयातही आम्ही हौसेने शिरलो नाही. एका बडतर्फीच्या तंट्याने ओढून नेले.

तंटा सांगण्यापूर्वी हा धंदा काय आहे ते पाहू. तुम्ही मालगुजारी तलावांच्या मुलखातली माणसे, तुम्हांला ते समजावणे सोपे आहे. कोहळ्यांनी बांधलेले हे तलाव शेकडो वर्षे टिकले ते बांधणाऱ्याच्या हातामुळे, आणि तितकेच दर उन्हाळ्यात गाळ काढणाऱ्या, पाळ पाहणाऱ्या, पाण्याची पाळी ठरविणाऱ्या माणसांमुळे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती गेली हे बरेच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीचा धनी कोण हेच कोणाला कळेनासे झाले. गाळ साचत गेला. संगणकांचेही असेच आहे. पतसंस्था, भातगिरण्या, शाळा, दवाखाने यांनी यंत्रे विकत घेतली. ती चालती ठेवायची कोणी? ज्याला वार्षिक कंत्राट देऊन आपण ही काळजी सोपवितो, त्याचा धंदा तो हा. बिघडल्यावर धावत येणारा मेकॅनिक वेगळा आणि बिघडू नये म्हणून पैसे घेणारा वेगळा. कागदावर दुसरे लिहायचे आणि प्रत्यक्षात पहिलेच करायचे, हा या धंद्याचा जुना रोग आहे.

आता तंटा. आमच्या युनियनची एक बिडी कामगार बाई एके दिवशी कचेरीत येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, मालकानं माझ्या पोराचीच छाट केली जी." पोरगा तालुक्याच्या गावी अशाच एका सेवा-दुकानात कामाला होता. मालक तरुण, हाताखाली सहा मुले. एका पतसंस्थेचा संगणक बंद पडला, दोन दिवसांच्या नोंदी गेल्या, आणि राखीव प्रत काढण्याचे काम या मुलाकडे होते म्हणून त्याला घरी बसविले.

बाईने 'छाट' हा शब्द वापरला आणि आमच्या डोळ्यांपुढे तीस वर्षे उभी राहिली. ज्यांनी बिडी वळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हजार बिड्या वळून नेल्या की सट्टेदार त्यांतल्या काही वाईट म्हणून बाजूला काढतो; त्यांची मजुरी मिळत नाही. वाईट म्हणजे काय, हे पूर्वी त्याच्या मर्जीवर. कधी पान जाड, कधी तोंड नीट मुडपलेले नाही. पान त्यानेच दिलेले, ही गोष्ट निराळी! १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा झाला आणि महाराष्ट्राच्या नियमांत तरतूद आली की, साधारणपणे शेकडा पाचांहून अधिक बिडी छाटता कामा नये. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा मुख्यतः कायम ठेवला. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात तो नव्या श्रमसंहितांत विलीन झाला. गावोगाव तो आकडा पाळला गेला असे आम्ही म्हणणार नाही. पण आकडा लिहिलेला होता म्हणून बोट ठेवायला जागा होती. प्रमाण म्हणजे केवळ मालकाची फूटपट्टी असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग आम्ही मालकाकडे गेलो. त्याला विचारले, राखीव प्रत कधी काढायची, कोणी तपासायची, हे कोठे लिहिले आहे? लिहिलेले काहीच नव्हते. पतसंस्थेशी करार एका पानाचा, त्यात रक्कम तेवढी स्पष्ट. तक्रारी फोनवर यायच्या, ज्याला वेळ असेल तो मोटारसायकल काढायचा. मालक वाईट नव्हता, थकलेला होता. तो म्हणाला, "भाऊ, रोज आग विझवतो, लिहू कधी?" त्याच्याच कपाटात प्रमाणांची एक जाडी वही होती. आम्ही ती मागून आणली.

त्या पुस्तकांची हकीकत मनोरंजक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या लक्षात आले की, खात्याखात्यांतून संगणकावर पैसा ओतला जातो आणि प्रत्येक खाते आपापल्या परीने धडपडते. मग त्यांच्या मध्यवर्ती संगणक-खात्याने चांगल्या ठिकाणच्या रीती गोळा करून पुस्तकमाला काढली. तिचे नाव आयटिल; त्यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थच ग्रंथालय. त्याच विचारातून २००५ साली आयएसओ २०००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आले, ते २०१८ साली सुधारले गेले. आयटिलची परीक्षा माणूस देतो. आयएसओचा दाखला संस्थेला मिळतो. दाखला भिंतीवर लटकवून जुनेच चालू ठेवणारेही पुष्कळ, हे सांगायला नकोच.

त्या पुस्तकांतला एक भेद आम्हांला फार आवडला. ती 'घटना' वेगळी मानतात आणि 'समस्या' वेगळी. यंत्र बंद पडले ही घटना. ते लवकर चालू करणे हे एक काम. ते पुन्हापुन्हा का पडते, ही समस्या. तिचा शोध हे दुसरे काम, ते शांतपणे बसून करायचे. मालकाला आम्ही म्हटले, तीन महिने फक्त एक करा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्या. कोणी, केव्हा, कशासाठी बोलाविले आणि काय केले, ते एका ठिकाणी लिहा. मुलांनी कुरकुर केली, मग लिहू लागली. महिन्याभरात दिसले की, एका संस्थेच्या निम्म्या तक्रारी बाजाराच्या दिवशी दुपारच्याच. त्या दिवशी सगळ्या खिडक्या चालू, वीज खालीवर, आणि विजेचा साठा देणारी बॅटरी मेलेली. दर आठवड्याला जाऊन संगणक 'दुरुस्त' करीत होते. बॅटरी बदलली आणि फेरी थांबली.

त्या मुलाच्या प्रकरणातही कारण असेच निघाले. राखीव प्रत रात्री अकराला आपोआप निघावी अशी योजना त्याने केलेली होती. पतसंस्थेचा शिपाई मोठा काटकसरी. संध्याकाळी सहाला मुख्य बटण बंद करूनच कुलूप लावायचा. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि प्रत खरोखर निघते की नाही, ती परत चढविता येते की नाही, हे कोणी एकदाही पाहिले नव्हते. आता सांगा, छाट कोणाची करायची? पोराची, शिपायाची, की मालकाची? अमेरिकेचे डेमिंग, ज्यांनी १९५० साली जपानी कारखानदारांना व्याख्याने दिली, ते सांगत की, बहुतेक दोष कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात, आणि व्यवस्था बदलणे हे व्यवस्थापकाचे काम. हा माणूस युनियनवाला नव्हता, हिशेबी संख्याशास्त्रज्ञ होता.

बदल करण्याविषयीही त्या पुस्तकांत शिस्त आहे: आधी लहान जागी करून पाहा, ज्यांना झळ लागेल त्यांना कळवा, आणि माघारीची वाट ठेवा. खेड्यातल्या दुकानाला हे सोवळे वाटेल. पण १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या बड्या कंपनीची एक सदोष सुधारणा जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या देशातही विमानाच्या उतारूंना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे मिळाली. रोग सुरक्षेचे औषध देणाऱ्याकडूनच आला!

आता आमचे भांडण. सेवा-करारात वेळा लिहिल्या जातात: तक्रारीला इतक्या मिनिटांत उत्तर, इतक्या तासांत काम पूर्ण. त्या लिहाव्यात, गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे. पण चुकलेल्या वेळेचा दंड मालकाने मुलांच्या पगारातून कापायचे ठरविले, तेव्हा आम्ही कचेरीतून उठून गेलो. ही सट्टेदाराचीच छाट, फक्त पान बदलले. आणि दंडाच्या भीतीने काय होते? काम अर्धवट असता तक्रार 'पूर्ण' म्हणून बंद करतात, दुसऱ्या दिवशी नव्या क्रमांकाने उघडतात. तक्ता हिरवागार, गिऱ्हाईक संतापलेले. या धंद्यातले लोकच त्याला टरबूज म्हणतात: वरून हिरवे, आत लाल. शिवाय सरकारने एप्रिल २०२२ मध्ये हुकूम काढला आहे की, संगणकावर हल्ला झाल्याचे कळताच सहा तासांत कळवावे आणि नोंदी १८० दिवस राखाव्यात. हुकूम योग्यच. पण हल्ला रात्री दोनला झाला तर ते सहा तास कोणाच्या झोपेतून निघणार, हे कोणत्याही प्रमाणाच्या पानावर आम्हांला सापडले नाही. ते मागून लिहवून घ्यावे लागेल.

मुलगा कामावर परत गेला. पगाराच्या कपातीचे कलम मालकाने काढले. राखीव प्रत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पतसंस्थेच्या व्यवस्थापकासमक्ष उतरवून पाहतात, दोघे सही करतात. बटणावर शिपायाने स्वतःच्या हाताने चिठ्ठी डकविली आहे. वही भरू लागल्यापासून मालकाने दोन नवी कंत्राटे मिळविली, कारण दाखवायला त्याच्याकडे आता काहीतरी आहे. रात्रपाळीच्या भत्त्यावर मात्र अजून एकमत नाही. तो म्हणतो बोलाविले तर देऊ, आम्ही म्हणतो फोन उशाशी ठेवायला लावला तेव्हाच पाळी सुरू झाली. पुढची बैठक अक्षय्यतृतीयेनंतर आहे.