सोनाखानचा अर्ज



मला दिलेला विषय ‘झारशाहीतील असंतोषाची कारणे’ असा आहे. परंतु रायपुरात उभे राहून पीटर्सबर्गला जायचे, तर वाटेत आपल्याच जयस्तंभ चौकात थोडे थांबावे, असे मला वाटते.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीच्या हाती गेले. भोसल्यांचा अंमल येथील रयतेस सुखाचाच होता, असे आपण मराठी माणसांनी अभिमानापोटी म्हणू नये. सुभेदारांची वसुली येथे कठोरच होती.

१८५६ मध्ये दुष्काळ पडला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या माखन व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटले, आणि आपण काय केले ते स्वतःच रायपूरच्या डेप्युटी कमिशनर इलियटला कळविले. व्यापाऱ्याची तक्रारही त्याच्याकडेच गेली. माझे आयुष्य सरकारी फायलींत गेले आहे, म्हणून मला या प्रसंगाचे विशेष वाटते. तक्रारीवर कारवाई झाली. दुसरे पत्र मात्र कबुलीजबाब ठरले. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी नारायणसिंहांना अटक झाली. ऑगस्ट १८५७ मध्ये ते तुरुंगातून निसटले व सोनाखानला जाऊन लढाईस उभे राहिले. तोवर अर्ज करणारा माणूस बंडखोर झाला होता. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

आता रशियाकडे वळू. धान्याच्या निर्यातीवर सरकारी भर असतानाच १८९१-९२ मध्ये व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. जमिनीची टंचाई, कारखान्यांतील हाल, जपानशी चाललेले युद्ध, अशी कारणे पुढे साचत गेली. तरीही १९०५ मध्ये पाद्री गापोनच्या मागून निघालेले कामगार झारच्या तसबिरी आणि विनंतीअर्ज घेऊनच राजवाड्याकडे चालले होते. उत्तर गोळ्यांनी मिळाले. ती तारीख २२ जानेवारी. रशियाच्या जुन्या पंचांगानुसार ९ जानेवारी.

योगायोग असा की, २२ जानेवारी १८५८ रोजीच रायपुरात सतरा शिपायांना फाशी देण्यात आले. सार्जंट मेजर सिडवेलला ठार करणारा त्यांचा नायक हनुमानसिंह त्यांत नव्हता. तो इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही.