दारू सोडणाऱ्याची बैठक आणि आपण
(खारेपाटण परिसरातील शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



खारेपाटण हे पूर्वापार वाहतुकीचे गाव. शिलाहारांचे ताम्रपट येथे सापडले, खाडीतून व्यापार चालला, आणि आज मुंबई-गोवा महामार्ग येथूनच सिंधुदुर्ग जिल्ह्यात प्रवेश करतो. ज्या रस्त्याने चाकरमानी गणपतीला येतात, त्याच रस्त्याने गोव्याची दारूही उलट दिशेने जाते, हे आपणांस सांगावयास नको. राखणदाराला बाटली दाखविण्याच्या प्रथेविषयी मी बोलणार नाही. तो देवाचा आणि माणसाचा आपसातील व्यवहार आहे. मला बोलावयाचे आहे ते अशा माणसाविषयी, ज्याला दारू सोडावीशी वाटते पण ती सुटत नाही.

अशा माणसासाठी एक साधी व्यवस्था १९३५ साली अमेरिकेतील अक्रन या शहरी जन्माला आली. एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्या बळावर कोरडे राहिले. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या नावाची ही संघटना १९५७ साली भारतात आली. आपल्याकडे तिला सरसकट ‘एए’ म्हणतात. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने, आणि त्याआधी १९८१ पासून मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांच्या कृपा संस्थेने, उपचाराइतकेच अशा परस्पर-सोबतीलाही महत्त्व दिले. २०२० साली सत्तावीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. संपूर्ण मद्यत्याग टिकविण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य उपचारांच्या तोडीची, किंबहुना काहीशी सरस आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

बैठकीत घडते तरी काय? शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत दहापाच माणसे बसतात. एक जण आपले नुसते नाव सांगतो, आडनाव नाही, आणि “मी मद्यपी आहे” असे म्हणून स्वतःची हकीकत सांगतो. त्याला कोणी उलट प्रश्न विचारीत नाही, उपदेश करीत नाही. फी नसते. खर्चासाठी डबा फिरतो, पण त्यात पैसे सभासदांनीच टाकावयाचे. बाहेरची देणगी चालत नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. जन्मभराची शपथ तेथे घेत नाहीत, आजचा दिवस पार पाडतात. काही बैठका ‘खुल्या’ असतात. तेथे पत्नी, शिक्षक, डॉक्टर कोणीही बसू शकतो. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ ही वेगळी संघटना आहे.

आता शोध कसा घ्यावा? १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा, असे दोन निःशुल्क दूरध्वनी आहेत. एएच्या मुंबईतील कार्यालयाकडेही गटांची माहिती मिळते. बैठकांचे वार आणि जागा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा. खारेपाटणच्या माणसाने उत्तरेस राजापूर आणि दक्षिणेस कणकवली अशा दोन्ही बाजूंस चौकशी करावी, आणि परतीची एसटी आधी पाहून ठेवावी. बैठक चुकण्याचे कारण पुष्कळदा मनोबल नसून शेवटची गाडी असते. जाणे शक्यच नसेल, तर मोबाइलवरून भरणाऱ्या बैठका आहेत.

एक गोष्ट मात्र वैद्यक म्हणून बजावतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम व वाताचा झटका येऊन प्राणावर बेतते. हात थरथरणे, घाम, नसलेले दिसणे, ही लक्षणे दिसताच त्याला रुग्णालयात न्यावे. ‘कोंडून ठेवा, उतरेल’ या सल्ल्याने माणसे दगावली आहेत. डॉक्टर आधी, बैठक नंतर.

आता माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. माझ्या नोकरीच्या एका गावी एक गृहस्थ आठ महिने दारूपासून दूर राहिले होते. आम्हांस अत्यानंद झाला. स्वातंत्र्यदिनी त्यांना व्यासपीठावर बोलाविले, शाल-श्रीफळ दिले, आणि ती शाल मीच घातली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून नाक्यावरचा प्रत्येक जण त्यांना “काय, अजून बंद आहे ना?” असे विचारू लागला. दिवाळीच्या आत ते पुन्हा प्याले. त्याहून वाईट म्हणजे, बैठकीस जाण्याचे त्यांनी सोडले. सत्कार झालेल्या माणसाला “माझी पुन्हा सुरू झाली” असे सांगण्यास तोंड राहिले नव्हते. नाव न सांगण्याचा नियम कशासाठी आहे, ते मला त्या दिवाळीत कळले.

तेव्हा पंचायतीस माझी विनंती अशी. गटाची मागणी आली, तर शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली आठवड्यातून दीड तास द्यावी. त्यांनी भाडे देऊ केले तर नाममात्र का होईना घ्यावे. फुकट घेणे त्यांच्या नियमात बसत नाही. उद्घाटन नको, फलक नको, छायाचित्र नको, हजेरीपट तर नकोच. लाभार्थ्यांची यादी वरून मागितली गेली, तर अशी यादी नसते असे लेखी कळवावे. शिक्षकांनी मुलाच्या वह्यांवरून, डब्यावरून घरची परिस्थिती ओळखली, तर बापाला बोलावून चारचौघांत कानउघाडणी करू नये. फोन क्रमांकाची चिठ्ठी आईच्या हाती द्यावी. पहिल्या बैठकीला सोबत कोणी जावे असे त्यालाच वाटले, तर जावे, आणि बंद बैठक असेल तर बाहेर पारावर बसावे.

खोलीची किल्ली अशा माणसाकडे असू द्या, जो कुलूप उघडून देईल आणि कोण कोण आले हे न पाहता घरी जाईल.