भिन्नमताचे मोल
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



राज्यघटना एकदा लिहून झाली म्हणजे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः घटनेतील शब्दांना अर्थ प्राप्त होतो तो न्यायालयात. अनुच्छेद २१ हे त्याचे बोलके उदाहरण आहे. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. परंतु तो कायदाच अन्यायाचा असेल तर?

हा प्रश्न १९५० साली ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विधिमंडळाने रीतसर केलेला कायदा असला की पुरे, त्याची न्याय्यता न्यायालयाने पाहू नये, असा कौल बहुमताने दिला. न्यायमूर्ती फझल अली यांनी मात्र निराळे मत नोंदविले. त्या वेळी ते एकाकीच राहिले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ‘मिसा’खाली हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. अनुच्छेद २१ च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्कही राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे हेबिअस कॉर्पसचे अर्ज विचारार्थ घेता येतात, असे ठरविले. त्यांविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. हाच मध्य प्रदेशातून आलेला सुप्रसिद्ध जबलपूर खटला. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तरी दाद मागता येणार नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सुनावणीत विचारले. सरकारच्या भूमिकेप्रमाणे आणीबाणी असेतो नाही, असे उत्तर महान्यायवादींना द्यावे लागले.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. सरकार जिंकले. तो एक आवाज खन्ना यांचा होता. अनुच्छेद २१ हा जीविताच्या हक्काचा एकमेव आधार नव्हे. घटना नसती तरी कायद्याच्या अधिकाराविना कोणाचा प्राण वा स्वातंत्र्य घेण्याची सत्ता राज्याला नसती, अशी त्यांची भूमिका होती. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला.

पुढे काळ फिरला. २५ जानेवारी १९७८ रोजी मेनका गांधी खटल्यात न्यायालयाने सांगितले की, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असलीच पाहिजे. फझल अली यांच्या भिन्नमतातील विचाराला अशी मान्यता मिळाली. आणि त्या पीठावर त्यांचे पुत्र मुर्तझा फझल अली बसलेले होते. त्याच वर्षी ४४ वी घटनादुरुस्ती संमत झाली आणि आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ ची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, असे ठरले. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात सामावलेला असल्याचे म्हटले. मात्र पदपथावर कायम राहण्याचा हक्क त्या रहिवाशांना मिळाला नाही. पावसाळा उलटेपर्यंत त्यांना हलवू नये, एवढी सवलत मिळाली. तत्त्व मान्य होणे आणि डोक्यावर छप्पर येणे, यांत अंतर असते, हेही विसरता कामा नये.

जबलपूर निकालाच्या बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले. जबलपूरचा निकालही तेथेच रद्दबातल ठरला. तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचे पुत्र. पित्याचा निर्णय गंभीर चुकीचा होता, असे पुत्राने न्यायासनावरून नोंदवावे, यात पित्याचा अनादर नाही. न्यायसंस्थेची प्रतिष्ठा आहे.

एकेचाळीस वर्षे खन्ना यांचे मत पराभूतांच्या रांगेत उभे होते. ते टिकले, कारण ते लिहिले गेले, छापले गेले आणि वाचणारे वाचत राहिले. फझल अलींचे मतही असेच टिकले होते. हरलेल्या बाजूचे शब्दही जपून ठेवावेत, कारण उद्याची पिढी ते मागावयास येईल. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला हे निराळे सांगावयास नको.