अभय : ज्ञानेश्वरांनी दाखविलेला आश्रय



गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे जे २६ गुण सांगितले आहेत, त्यांत पहिला मान सत्याला नाही, दानालाही नाही. तो अभयाला आहे. मनुष्य भ्याला की त्याचे सत्य लटपटते, दानाचा हात आखडतो आणि दया आटते. तेव्हा भयाचा प्रश्न केवळ भित्र्यांचा नव्हे; तो सदाचाराच्या मुळाशी आहे.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या एका शब्दाचा उलगडा दोन पायऱ्यांनी केला आहे. पहिली पायरी आचरणाची. महापुरात उडी न घालणाऱ्याला बुडण्याची धास्ती नसते आणि पथ्य पाळणाऱ्याच्या घरी रोगाची पर्वा नसते; तसा कर्मातला अहंकार उठू दिला नाही की संसाराचा दरारा सरतो. दुसरी पायरी अनुभवाची. पाणी मिठाला बुडवू पाहते, तोच मीठ पाणी होऊन जाते. मग बुडवायचे कोणी आणि कोणाला? बृहदारण्यकोपनिषदाचेही सांगणे हेच, की भय उपजते ते दुसऱ्यापासून.

शरण जाणे म्हणजे थोराच्या पाठीशी दडणे, अशी आपली समजूत असते. पण दडणारा निराळा राहतो आणि त्याचे भयही राहते. अठराव्या अध्यायात ज्ञानेश्वर म्हणतात की, घट फुटल्यावर त्यातले आकाश आकाशात मिळते, तसे हे शरण येणे आहे.

कोणी विचारील, मुलाला रात्री ताप भरला असता हे अद्वैत काय कामाचे? त्या वेळी दवाखाना गाठणे हेच कर्तव्य; ज्ञानेश्वरांनी पथ्य सोडा असे कोठेही म्हटलेले नाही. परंतु औषध लागू पडेपर्यंत उशाशी बसावे लागते. तेथे बसणाराच भयाने पोखरलेला असेल, तर मुलाने धीर कोणाकडून घ्यावा? ‘माझे कसे होईल’ हा विचार जितका मागे सरतो, तितका समोरच्या जीवाला हात देता येतो.

ही स्थिती व्याख्यान ऐकून येत नाही, देऊनही येत नाही. मात्र भय दाटेल तेव्हा एवढे अवश्य विचारावे : ज्याला मी भितो तो ‘दुसरा’ कोण, आणि त्याच्यापुढचा ‘मी’ मी केवढा करून ठेवला आहे? या प्रश्नापाशी आश्रयाची वाट आत वळते.