निवांत मज्जापेशी
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, सरकारी खात्यात पंपांची देखभाल बघणारा माणूस. मागच्या वर्षी बाबांना जुलाब लागले. बीपीसाठी ते लघवी होण्याची गोळीही घेत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पायच उचलेनात. आम्हाला वाटलं, अर्धांगवायू. तपासणीत निघालं, रक्तातलं पोटॅशियम २.१, हवं ३.५ ते ५. सलाईनमधून ते हळूहळू दिलं आणि बाबा उठून चालायला लागले. पण एका क्षारापायी पाय कसे अडतात, हे मला सोडेना. म्हणून वाचत गेलो.

मज्जापेशी निवांत असते तेव्हाही तिच्या आवरणाच्या आत-बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आत ऋण. टॉर्चच्या सेलचा हा विसावा हिस्सा. पण आवरणाची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाइतकी, म्हणजे मीटरला एक कोटी व्होल्टच्या वर ताण! कोरडी हवा तीस लाखांच्या आसपासच ठिणगी टाकते.

पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम. निवांतपणी पोटॅशियमला झिरपायला वाट असते, सोडियमला फार थोडी. पोटॅशियम धन भार घेऊन बाहेर जातं, आत ऋण उरतं, आणि तेच पुढच्या पोटॅशियमला मागे ओढतं. तरी थोडं सोडियम आत शिरतंच. ते उपसायला पंप आहे: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना दाखवला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या इंदुरात नळ बंद असला तरी जलूदला नर्मदेचे पंप चालूच असतात, तसंच हे. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा घेतो वीस टक्के. त्यातला मोठा वाटा या उपशावर जातो.

बाबांच्या रक्तातलं पोटॅशियम घटलं, तसं पेशींतलं आणखी बाहेर ओढलं गेलं आणि आतला भाग जास्तच ऋण झाला. निरोप सुटायला जी पातळी गाठावी लागते, ती लांब गेली. स्नायूंच्या पेशींचंही गणित हेच. बाबांचे पाय तिथे अडले होते.

घरात कुणी अशी गोळी घेत असेल आणि जुलाब लागले, तर डॉक्टरांना आधी गोळीचं नाव सांगा. आम्ही पहिल्या दिवशी सांगायचं विसरलो होतो.